नकलेंतील चूक आणि जीवांची वंशावळ

पुणें-सातारा रस्त्यावर नसरापूरपाशीं पश्चिमेस वळून वेल्ह्याकडे जाऊं लागलें म्हणजे वाटेंत मार्गासनी हें गांव लागतें. गुंजवण्याच्या बाजूनें राजगड चढूं इच्छिणारा प्रवासी येथें मुख्य रस्ता सोडून साखरच्या वाटेस लागतो. शिवकालाच्या अभ्यासकास हा टापू अपरिचित नाहीं. राजगड आणि तोरणा हे दोन्ही गड याच भागांत आहेत, आणि भोरच्या बाजूस जेधे देशमुखांचें कारी आहे. या डोंगरांच्या झाडींत काळ्या तोंडाचे वानर आढळतात, आणि वानर दृष्टीस पडला कीं गडावर निघालेल्या मंडळींत एक प्रश्न थट्टेनें कां होईना, पण निघतोच: माकडाचा माणूस होतांना कोणीं पाहिला?

हा प्रश्न केवळ थट्टेपुरता राहिलेला नाहीं. जानेवारी 2018 मध्यें केंद्र सरकारच्या शिक्षणखात्यांतील एका राज्यमंत्र्यांनीं तो जाहीरपणें मांडला. आपल्या पूर्वजांपैकीं कोणींहि असें घडतांना पाहिल्याचें सांगितलेलें वा लिहिलेलें नाहीं, सबब डार्विनचें मत शाळांतून शिकवूं नये, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. देशांतील तीन विज्ञान अकादमींनीं एकत्र पत्रक काढून त्याचा निषेध केला. पुढें 2023 सालीं राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या दहावीच्या विज्ञानपुस्तकांतून उत्क्रांतीचा भाग गळाला. अभ्यासाचा भार हलका करणें हें त्याचें कारण सांगण्यांत आलें. शास्त्रज्ञांनीं आपली बाजू मांडली ती योग्यच होती. परंतु आमच्या मतें हा आक्षेप जितका जीवशास्त्रावर आहे तितकाच इतिहासशास्त्रावर आहे. म्हणून त्याचा विचार इतिहाससंशोधकांच्या त्रैमासिकांत करणें अप्रस्तुत होणार नाहीं.

ज्यानें डोळ्यांनीं पाहिलें तोच प्रमाण, असा नियम एकदां मान्य केला तर आपल्या हातीं काय उरतें, हें शिवजन्माच्या तिथीवरून पाहूं. बखरींच्या आधारें शके 1549, वैशाख शुद्ध द्वितीया ही तिथि पुष्कळ काळ रूढ होती. 1916 सालीं लोकमान्य टिळकांनीं कारीच्या जेधे घराण्यांतील शकावली भारत इतिहास संशोधक मंडळाच्या चतुर्थ संमेलनाच्या वृत्तांत प्रसिद्ध केली. तींत शके 1551, फाल्गुन वद्य तृतीया अशी नोंद निघाली. 1927 सालीं कवींद्र परमानंदाचें शिवभारत छापून बाहेर आलें, त्यांतहि हाच शक व हीच तिथि. राजस्थानांतील एका जुन्या संग्रहांत सांपडलेली कुंडलीहि याच पक्षास मिळाली. वाद बरींच वर्षें चालला, आणि अखेर 2001 सालीं महाराष्ट्र शासनानें 19 फेब्रुवारी 1630 ही तारीख स्वीकारली.

या निर्णयांत आज हयात असलेल्या कोणाचेंहि ‘पाहणें’ नाहीं. तो ज्या पायावर उभा आहे तो निराळाच आहे. जेध्यांच्या घरचा कारकून, संस्कृत काव्य रचणारा परमानंद आणि दूर राजपुतान्यांत पत्रिका जमविणारा ज्योतिषी यांनीं एकमेकांची नक्कल केली असण्याचा संभव दिसत नाहीं. तरीहि ते जुळतात. हें जुळणें यदृच्छेनें होणें कठीण, म्हणून तिघांच्या मागें एक खरी घटना मानावी लागते. उलटपक्षीं, वैशाखाची तिथि पांच-पंचवीस बखरींत मिळाली तरी त्या बखरी जर एकमेकींवरून उतरलेल्या असतील, तर ती साक्ष पांच-पंचवीस जणांची नसून एकाचीच होय. साक्षीदार मोजण्यापूर्वीं त्यांचें नातें ठरवावें लागतें. हें नातें कसें ठरवितात ही गोष्ट समजली म्हणजे डार्विनच्या मताचें मर्म निम्मेंअधिक समजलें असें आम्ही म्हणूं.

समजा, एखाद्या देशमुखी घराण्यांत एका महजराच्या चार नकला आहेत आणि अस्सल कागद गहाळ झाला आहे. चारहि नकलांत बहुतेक मजकूर सारखा आहे. या सारखेपणावरून कोणती नक्कल कोणत्या नकलेच्या जवळची हें कळेल काय? मुळींच नाहीं. चारहि एका अस्सलावरून उतरल्या असल्यामुळें अस्सलांतलें जें तसेंच राहिलें तें सर्वांना समान असणारच. परंतु त्यांपैकीं दोन नकलांत एकाच ठिकाणीं एक ओळ गळली आहे, आणि त्याच दोहोंत एका साक्षीदाराचें नांव एकाच तऱ्हेनें चुकलें आहे असें दिसलें तर? दोन कारकून निरनिराळ्या वेळीं नेमके त्याच ठिकाणीं डुलकी घेऊन तीच चूक करतील हें संभवत नाहीं. ती चूक एकदांच झाली, आणि ती ज्या मधल्या नकलेंत झाली त्या नकलेवरून या दोन्ही उतरल्या, असेंच अनुमान निघतें. ती मधली नक्कल आज कोणाजवळ नसेल, कोणीं पाहिलीहि नसेल. तरी ती होती हें निश्चित. शुद्ध पाठाच्या साम्यावरून नातें सिद्ध होत नाहीं, समान चुकीवरून होतें. नवख्या अभ्यासकास हें उलटें वाटतें, पण ग्रंथसंपादनाच्या शास्त्राचा सारा डोलारा या एका गोष्टीवर उभा आहे.

पुण्यांतच या पद्धतीचा थोर नमुना सिद्ध झाला. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें 1919 सालीं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम हातीं घेतलें. तें 1966 सालीं पुरें झालें. डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांनीं संपादिलेलें आदिपर्व 1933 सालीं पूर्ण झालें. काश्मीरच्या शारदा लिपींतल्या प्रति, बंगाली, देवनागरी, तेलुगु, ग्रंथ, मल्याळम् अशा प्रति समोर ठेवून त्यांचीं घराणीं त्यांनीं ठरविलीं आणि त्यांचा वंशवृक्ष काढून दाखविला. व्यासांनीं सांगावें आणि गणपतीनें लिहावें ही सर्वांच्या आवडीची कथा त्या आवृत्तींत मूळ संहितेंतून काढून परिशिष्टांत गेली. पुष्कळांस तें रुचलें नाहीं. परंतु ती कथा कांहीं घराण्यांतच मिळते आणि त्यांच्याशीं संबंध न आलेल्या प्रतींत नाहीं, तेव्हां ती मागाहून एका शाखेंत शिरली आणि त्या शाखेच्या वंशजांत पसरली, हाच निष्कर्ष प्राप्त होता. गळलेली ओळ काय किंवा घुसलेली कथा काय, दोन्ही त्या शाखेच्या अंगावरील जन्मखुणा होत.

आतां डार्विनकडे वळूं. 1859 च्या नोव्हेंबरांत प्रसिद्ध झालेल्या त्याच्या जीवजातींच्या उत्पत्तीवरील ग्रंथांत चित्र एकच आहे, आणि तें शाखा फुटत गेलेल्या वृक्षाचें आहे. जीवजाति स्वतंत्रपणें निर्माण झालेल्या नसून सामान्य पूर्वजांपासून थोडथोडा फरक पडत उतरलेल्या आहेत, हें त्याचें पहिलें म्हणणें. कोणता फरक टिकावा व कोणता नाहीसा व्हावा हें परिस्थितीशीं असलेल्या मेळावरून ठरतें, हें दुसरें. आपल्याकडील वादांत हीं दोन म्हणणीं नेहमीं एकत्र कालवलीं जातात, तीं निराळीं ठेविलीं पाहिजेत. प्रस्तुत लेखांत मुख्यतः पहिल्याचा विचार आहे.

स्वतः डार्विनलाहि आपलें काम इतिहासकाराच्या जातीचें आहे याची पूर्ण जाणीव होती. निरुपयोगी झालेल्या अवयवांची तुलना तो शब्दांतील अनुच्चारित अक्षरांशीं करतो: उच्चारास त्यांचा उपयोग नसतो, पण शब्द कोठून आला हें त्यांवरून कळतें. भूस्तरांतील अवशेषांना तो अर्धवट राखलेल्या बखरीची उपमा देतो, जिचा शेवटचा खंड तेवढा हातीं आला आहे आणि त्यांतहि कोठें एखादें प्रकरण, कोठें एखादी ओळ उरली आहे. डार्विनच्या ग्रंथाच्या आधींच, 1853 सालीं, आउगुस्ट श्लायशर या जर्मन भाषापंडितानें आर्यभाषांचा वंशवृक्ष काढला होता. तेव्हां कोणीं कोणापासून घेतलें याचा वाद न करतां एवढें म्हणतां येईल कीं, भाषा, पोथ्या आणि प्राणी या तिन्हींच्या अभ्यासकांस एकाच शतकांत एकच आकृति सुचली, कारण तिन्हींकडे प्रश्न एकच होता.

असें असूनहि जीवशास्त्रज्ञांना समान चुकीचा नियम काटेकोरपणें मांडण्यास बराच काळ लागला. जर्मन कीटकशास्त्रज्ञ विली हेनिग यानें 1950 सालच्या आपल्या ग्रंथांत तो स्पष्ट केला. केवळ साम्य पुरेसें नाहीं. तें जुनें, सर्वांस वारशानें आलेलें साम्य आहे, कीं मागाहून एका शाखेंत उत्पन्न झालेलें नवें साम्य आहे, हें पाहिलें पाहिजे, आणि नात्याचा पुरावा म्हणून दुसरें तेवढें घ्यावें. वानराला केस आहेत, घोड्यालाहि आहेत, एवढ्यावरून वानर घोड्याचा जवळचा ठरत नाहीं. संहितासंपादकास हें वाचून नवें कांहींच सांगितलें नाहीं असें वाटेल.

मार्गासनीच्या वाटेवरील वानराचा प्रश्न आतां नीट मांडतां येतो. त्याचें व आपलें नातें आहे हें त्याच्या हातांवरून किंवा चेहऱ्यावरून सिद्ध करण्याची आतां जरुरी नाहीं. प्राण्यांच्या प्रत्येक पेशींत जें आनुवंशिक द्रव्य असतें तें म्हणजे पिढ्यान् पिढ्या नकलली जाणारी एक पोथीच होय, आणि तिच्यांतहि नकलणाराच्या चुका होतात. त्यांपैकीं एक चूक आपल्या विषयास अत्यंत उपयोगी आहे.

आवळा, लिंबू, पेरू यांत असणारें ‘सी’ जीवनसत्त्व मनुष्यास बाहेरून खावें लागतें. न मिळाल्यास हिरड्या सुजून रक्त येण्याचा रोग होतो. परंतु कुत्रा, गाय, शेळी, उंदीर हे प्राणी तें आपल्या शरीरांतच तयार करतात. तें तयार करण्याची जी शेवटची पायरी, ती पार पाडणाऱ्या प्रथिनाचा मजकूर आपल्या पोथींतहि आहे. मात्र तो मोडका आहे. त्याचे कांहीं खंड गळाले आहेत, उरलेल्यांत अक्षरें चुकलेलीं आहेत, आणि त्यापासून काम करणारें प्रथिन होत नाहीं. 1994 सालीं जपानी संशोधकांनीं मनुष्यांतील हा मोडका मजकूर उलगडला. पुढें मनुष्य, चिंपांझी, ओरांगउटान आणि मॅकाक, म्हणजे आपण ज्यास लाल तोंडाचें माकड म्हणतों त्याच्या जातीचा प्राणी, यांच्यांतील या मजकुराचा एक भाग शेजारीं शेजारीं ठेवून पाहतां, एका ठिकाणचें एकच अक्षर चौघांतहि गळलेलें आढळलें. काळ्या तोंडाचा वानर याच मॅकाकच्या कुळांतला.

येथें कोणी म्हणेल कीं, झाडपाला व फळें खाणाऱ्यांस या द्रव्याची गरज नाहीं, म्हणून सर्वांत तें सारखेंच मोडलें असेल. आक्षेप योग्य आहे, आणि त्याचें उत्तर गिनीपिग नांवाच्या प्राण्यानें दिलें आहे. त्यालाहि हें जीवनसत्त्व तयार करतां येत नाहीं, पण त्याच्या पोथींतील मोड निराळ्या तऱ्हेची आहे. वनस्पतिभक्षणानें मोडण्यास वाव मिळाला असेल, पण कोठें व कशी मोड झाली हें त्यानें ठरत नाहीं. एकाच परिस्थितींतील दोन कारकुनांनीं दोन निरनिराळ्या ओळी गाळल्या तर तो योगायोग. चार नकलांत तीच ओळ गळली तर ती वंशावळ.

दिसण्यावर विसंबल्यास कसें फसावयास होतें याचेंहि एक उदाहरण याच कुळांत आहे. नीलगिरीच्या रानांतील काळा वानर रंगावरून व कवटीच्या कांहीं लक्षणांवरून आग्नेय आशियांतील पर्णभक्षक माकडांत घातला जात असे. 2008 सालीं प्रसिद्ध झालेल्या, भारतीय संशोधकांच्या पुढाकारानें झालेल्या आनुवंशिक अभ्यासांत तो आपल्या हनुमान वानराचाच निकटचा भाऊ निघाला. आग्नेय आशियांतील माकडांशीं त्याचें साम्य होतें, पण तें जवळच्या नात्याचें नव्हतें.

या विवेचनांतून गडाच्या वाटेवरील प्रश्नाचें अर्धें उत्तर आपोआप निघतें. माकडाचा माणूस होतांना कोणीं पाहिला नाहीं, कारण तसें कधीं घडलेंच नाहीं आणि तसें डार्विननें म्हटलेलेंहि नाहीं. एखाद्या देशमुखी घराण्याच्या थोरल्या व धाकट्या पात्या आज नांदत असतात. धाकट्या पातीचा मनुष्य थोरल्या पातीच्या हयात मनुष्याचा मुलगा नसतो, दोघांचा खापरपणजा एक असतो. वानर हा आपला पूर्वज नव्हे, भाऊबंद होय. दोन्ही पात्या सुमारें अडीच ते तीन कोटी वर्षांपूर्वीं विभक्त झाल्या, आणि तेव्हांपासून वानराची पातीहि आपल्याइतकीच वर्षें बदलत आली आहे.

हा गैरसमज आपल्याकडे इतका खोल रुजण्यास कांहीं अंशीं शब्दच कारण झाला असावा असें आम्हांस वाटतें. ‘उत्क्रांति’ या शब्दांत ‘उत्’ म्हणजे वर आहे. वेदान्तग्रंथांत या शब्दाचा अर्थ मरणसमयीं प्राणानें देह सोडून निघून जाणें असा असे. अर्वाचीन मराठींत तो नव्या अर्थानें रूढ झाला. गीतारहस्यांत टिळकांनीं सांख्यांच्या प्रकृतिपरिणामाची व हेकेलप्रभृति पाश्चात्त्य पंडितांच्या मताची तुलना केली आहे आणि ‘गुणोत्कर्ष’ असाहि शब्द योजला आहे. त्यांतहि उत्कर्षच. 1910-11 सालीं मंडालेच्या तुरुंगांत लिहिलेला हा ग्रंथ 1915 सालीं प्रसिद्ध झाला, आणि पुढच्याच वर्षीं त्याच लेखकानें जेधे शकावली छापली, ही गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. एका ग्रंथांत तत्त्वांची चढती माळ आहे, दुसऱ्यांत कागदाची कठोर चिकित्सा. टिळकांच्या काळीं युरोपांतहि हेकेलचा जिना पुष्कळांस मान्य होता, म्हणून त्यांस दोष देणें अन्यायाचें होईल. परंतु सांख्यांचा क्रम प्रकृति, महत्, अहंकार, तन्मात्रें, महाभूतें असा सूक्ष्मापासून स्थूलाकडे जाणारा तत्त्वांचा क्रम आहे. त्यांत माशापासून बेडूक कसा झाला हा प्रश्नच नाहीं. दोन्हींत ‘परिणाम’ हा शब्द बसतो एवढ्यानें दोन्ही एक होत नाहींत.

दशावतारांत डार्विन पाहणारांचा पक्ष याहून दुबळा आहे. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन अशी ओळ मांडून जलचर, उभयचर, चतुष्पाद, अर्धमानव, मानव असा अर्थ लावतात. हा अर्थ कोणत्याहि जुन्या टीकाकारानें लावल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. थिऑसफीच्या संस्थापक ब्लाव्हाट्स्कीबाईंच्या 1877 सालच्या ग्रंथांत तो स्पष्ट आढळतो, म्हणजे डार्विनचा ग्रंथ निघून अठरा वर्षें झाल्यावर. शिवाय अवतारांचा क्रम सर्वत्र एकच नाहीं. श्रीमद्भागवताच्या पहिल्या स्कंधांतील यादींत सनत्कुमार पहिले, वराह दुसरा, नारद तिसरा. मत्स्य दहावा व कूर्म अकरावा येतो. या यादीवरून ज्यास जीवसृष्टीचा इतिहास लावावयाचा असेल त्यास मनुष्यापासून मासा उत्पन्न करावा लागेल. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे कूर्म हा मत्स्याचा वंशज आहे असें कोणतेंहि पुराण म्हणत नाहीं. अवतारांत वंश नाहीं, आणि डार्विनच्या मतांत वंशावांचून दुसरें कांहीं नाहीं. पुराणांचें महत्त्व यानें कमी होतें असें नव्हे. तीं जें सांगण्यासाठीं लिहिलीं तें त्यांना सांगूं द्यावें एवढेंच.

पोथी आणि प्राणी यांचें साम्य सर्वस्वीं नाहीं, हेंहि नमूद केलें पाहिजे. पोथीचा लेखक कधीं बुद्धिपुरस्सर पाठ सुधारतो. एकनाथांनीं शके 1506 मध्यें ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तें असेंच काम होय. निसर्गांत असा संशोधक नाहीं. तेथें चूक निर्हेतुक होते आणि ती ज्यास बाधक ठरते त्याची संतति कमी होते, इतकाच हिशेब. मावळांतील शेतकरी पिढ्यान् पिढ्या आंबेमोहोराचें बीं राखतांना चांगलें कणीस वेचीत आला. तेथें वेचणारा मनुष्य आहे आणि रानांत तो नाहीं, पण जें वेचलें गेलें त्याचेंच पुढच्या सालीं पीक येतें ही रीत दोन्हीकडे एकच. डार्विनच्या ग्रंथाचें पहिलें प्रकरण पाळीव प्राण्यांवर व लागवडीच्या वनस्पतींवर आहे तें याचसाठीं.

एक अडचण मात्र दोन्हीकडे सारखीच आहे. एखादा लेखक दोन प्रति समोर ठेवून दोहोंतले पाठ घेतो, तेव्हां वंशवृक्षाच्या फांद्या एकमेकींत गुंततात. महाभारताच्या प्रतींत अशी सरमिसळ फार आहे हें सुकथनकरांनीं स्वतः मोकळेपणानें मान्य केलें आहे. जीवसृष्टींत संकर होतो, आणि सूक्ष्म जंतु तर परक्या जातीकडूनहि आनुवंशिक मजकूर उचलतात. त्यांचा इतिहास वृक्षापेक्षां जाळ्यासारखा दिसतो. अशा गुंत्यांत जीवशास्त्रज्ञांनीं गणिताच्या ज्या रीति बसविल्या त्यांचा उपयोग आतां उलट पोथ्यांस होऊं लागला आहे. 1998 सालीं इंग्रज कवि चॉसर याच्या एका काव्यभागाच्या पंधराव्या शतकांतील 58 प्रतींचीं घराणीं याच रीतीनें लावण्यांत आलीं. मराठी हस्तलिखितांवर असा प्रयत्न करण्यास विपुल सामग्री आहे, ज्ञानेश्वरीच्या प्रति तर विशेषच.

मार्गासनीच्या आसपास भूस्तरांची बखर मात्र कोरीच मिळावयाची. येथला काळा खडक सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं वाहिलेल्या लाव्हाचा. तशा रसांत प्राण्यांचीं हाडें टिकण्याची आशा थोडी. नागपूरकडे दोन थरांमधील गाळांत अवशेष मिळतात तसे या डोंगरांत शोधणारास निराश व्हावें लागेल. जें मिळावयाचें तें जिवंत प्राण्यांच्याच अंगांतील मजकुरांतून. त्यांतहि सर्वांत उपयोगी पडतात त्या मोडलेल्या जागा. याच कारणास्तव भोर-वेल्हे भागांतील ज्या घरांत जुनीं दप्तरें आहेत त्यांस आमची विनंति आहे कीं, अस्सल कागद जपून ठेवून त्याच्या अशुद्ध, ओळी गळलेल्या नकला निरुपयोगी म्हणून टाकून देऊं नयेत. त्या कागदाबरोबरच बांधून ठेवाव्यात आणि कोणती नक्कल कोणत्या रुमालांत होती तें वर लिहून ठेवावें.